शेळीबाई, हलू नका हं!

दोस्ता, एक गंमत करू या. डोळे मीट आणि थेट काठीला चल!

काठी कुठे आहे, ठाऊक आहे? नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगरांत. तिथली राजवाडी होळी फार प्रसिद्ध! रात्रभर ढोल घुमतात, रात्रभर माणसं नाचतात, आणि पहाटे उंचच उंच बांबूची होळी पेटते.

त्या गर्दीतला एक दादा बघ. डोक्यावर मोरपिसांचा टोप. अंगावर पांढरे ठिपके. कमरेला घुंगरू आणि वाळलेले दुधी भोपळे. आता त्याचा एक फोटो काढू. खरोखर नाही हं, मनातल्या मनात!

हा बघ फोटो. अरेच्चा! मोरपिसं कुठे गेली? गायब! अंगावरचे ठिपके? तेही गायब! भोपळ्यांची नुसती पुसट कड दिसतेय. दादा हसतोय की नाही, तेसुद्धा कळत नाही. पण घुंगरं बघ कशी लख्ख पांढरी चमकताहेत! आणि आतली बरगडी न् बरगडी मोजून घ्यावी इतकी स्पष्ट!

ओळखलंस? बरोब्बर! हा एक्स-रे आहे. आपल्या मराठीत क्ष-किरणांचा फोटो. आणि आज मी तुला माणसांच्या नाही, तर शेळ्या, गाई, घोडे आणि कोंबड्यांच्या एक्स-रेची गोष्ट सांगणार आहे. हो, त्यांचेही एक्स-रे निघतात!

आधी एक छोटा प्रयोग. रात्री दिवे घालव आणि टॉर्चवर तळहात घट्ट ठेव. बोटं लालसर उजळली ना? म्हणजे थोडा उजेड तुझ्या बोटांतून आरपार आला! क्ष-किरण हा असाच एक प्रकाश, पण डोळ्यांना न दिसणारा आणि साध्या उजेडापेक्षा कितीतरी दांडगा. तो नुसता बोटांतून नाही, सगळ्या अंगातून आरपार जातो.

पण सगळीकडून सारखा नाही! आई पीठ चाळते तेव्हा काय होतं? बारीक पीठ खाली, कोंडा वर. शरीरही क्ष-किरणांसाठी चाळणीच आहे. हवेतून ते सुळ्ळकन जातात. मांसातून जाताना थोडे अडतात. हाडात कॅल्शियम असतं, म्हणून तिथे पुष्कळ अडतात. आणि लोखंड, पितळ असल्या धातूंपाशी तर जवळजवळ सगळेच अडतात.

शरीराच्या पलीकडे एक पाटी ठेवलेली असते. जिथे किरण पोचतात, तिथे फोटो काळा. जिथे अडले, तिथे पांढरा. म्हणजे हवा काळी, मांस राखाडी, हाड पांढरं आणि धातू पांढराशुभ्र! आता कळलं ना, पिसं का गेली आणि घुंगरं का उरली?

हे किरण सापडले कसे? चक्क अचानक! ८ नोव्हेंबर १८९५. जर्मनीतल्या वुर्झबर्ग शहरात विल्हेल्म राँटजेन नावाचे शास्त्रज्ञ प्रयोग करत होते. विजेची एक काचेची नळी त्यांनी काळ्या पुठ्ठ्यानं झाकली होती. उजेड बाहेर यायला फटसुद्धा नाही. तरी खोलीत दूर ठेवलेला एक रासायनिक पडदा चमकायला लागला!

हा कसला उजेड? त्यांना ठाऊक नव्हतं. मग गणितात आपण न माहीत असलेल्या संख्येला ‘क्ष’ म्हणतो ना, तसं त्यांनीही केलं. नाव ठेवलं एक्स. डिसेंबरमध्ये त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचा फोटो काढला. बोटांची हाडं दिसली आणि बोटातली अंगठी ठसठशीत! १९०१ साली जगातलं पहिलंवहिलं भौतिकशास्त्राचं नोबेल राँटजेन यांनाच मिळालं.

आणि सांगू? प्राण्यांच्या डॉक्टरांनी जराही वेळ दवडला नाही. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, युरोपात घोड्याच्या पायाचे एक्स-रे निघालेसुद्धा!

आपल्याकडे मुंबईत परळला जनावरांचं एक जुनं मोठं रुग्णालय आहे. नाव लांबलचक: बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. पण लोक काय म्हणतात? बैलघोडा हॉस्पिटल! तिथेच १८८६ साली गुरांचे डॉक्टर घडवणारं कॉलेज सुरू झालं. क्ष-किरण सापडायला तेव्हा अजून नऊ वर्षं होती. मग मोडलेलं हाड कळायचं कसं? हातानं चाचपून! बोटांखाली हाडाची टोकं एकमेकांवर करकरली, की हाड मोडलंय हे समजायचं. बिचाऱ्या बैलाला किती दुखत असेल!

आता परत काठीला जाऊ. समजा, डोंगरउतारावर चरताना तुझी लाडकी शेळी घसरली. पुढचा पाय टेकवतच नाही. एक्स-रेचं यंत्र असलेल्या मोठ्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तिला नेलं. आता खरी कसोटी!

तुझा एक्स-रे काढताना डॉक्टर म्हणतात, “श्वास घे, रोखून धर, हलू नकोस.” तू ऐकतोस किंवा ऐकतेस. शेळीला कोण सांगणार? “शेळीबाई, हलू नका हं!” म्हटलं तर ती ‘बें’ करते आणि टुणकन उडी मारते! आणि हललं की फोटो धूसर. धावत्या बसमधून काढलेल्या फोटोसारखा.

म्हणून डॉक्टर युक्त्या करतात. पायाशी वाळूच्या छोट्या पिशव्या ठेवतात. मऊ पट्ट्यानं पाय बांधतात. कधी हलकीशी गुंगी आणणारं औषध देतात. शेळीबाई डुलक्या घेऊ लागल्या, की टिक! पापणी लवायच्या आत फोटो तयार.

झालं का? नाही! अजून एक फोटो. एक समोरून, एक बाजूनं. दोन कशाला? घरातला स्टीलचा पेला घे. वरून बघ, गोल दिसतो. बाजूनं बघ, उभट चौकोन. नुसती एक सावली बघून पेला ओळखता येईल का? एक्स-रे म्हणजेही सावलीच. हाडाची चीर समोरून लपते आणि बाजूनं पकडली जाते!

शेळीचं पिल्लू असेल, तर मोठी फजिती होऊ शकते. करडाच्या एक्स-रेत हाडाच्या टोकाजवळ एक काळी रेघ दिसते. अगदी चीर पडल्यासारखी! पण ती चीर नसते. तिथे असते मऊ कूर्चा, आपल्या कानाच्या पाळीच्या वरचा भाग असतो ना, तशी लवचीक. हाड तिथूनच वाढतं! मग डॉक्टर काय करतात? दुसऱ्या, बऱ्या पायाचाही फोटो काढतात आणि दोन्ही शेजारी ठेवतात. तिथेही तश्शीच रेघ? मग काळजी नाही, पिल्लू वाढतंय! आणि ऐक, तुझ्याही हाडांत या क्षणी अशाच रेघा आहेत. तू मोठा झालास किंवा मोठी झालीस, की त्या मिटून जातील.

आता आणखी गंमत. शेळीच्या पुढच्या पायाचा गुडघा तू पाहिला आहेस ना? तो गुडघा नाहीच! एक्स-रेत तिथे आपल्या मनगटासारखी छोट्या छोट्या हाडांची गर्दी दिसते. ते तिचं मनगट आहे! त्याखालचा लांब भाग म्हणजे तिचा तळहात. आणि ती चालते दोन बोटांच्या टोकांवर. खूर म्हणजे तिची नखं!

घोडा तर याच्याही पुढे गेलाय. नंदुरबार जिल्ह्यातच तापीकाठी सारंगखेडा आहे. दत्तजयंतीला तिथे घोड्यांची केवढी मोठी यात्रा भरते! तिथे ऐटीत टापा टाकणारा प्रत्येक घोडा काय करतो, ठाऊक आहे? प्रत्येक पायाच्या फक्त एका बोटावर चालतो. मधल्या! एवढं मोठं जनावर चार मधल्या बोटांवर उभं! तू हाताचं मधलं बोट टेबलावर उभं धरून त्यावर भार दे बघू. किती वेळ जमतं?

म्हणूनच घोड्याचे पाय डॉक्टरांना फार जपावे लागतात. बरं तर बरं, घोड्याच्या पायाला खाली मांस जवळजवळ नसतंच. त्यामुळे किरण सहज आरपार जातात. हातात धरता येईल अशा छोट्या यंत्रानंही सुरेख फोटो निघतो, आणि तोही घोडा उभा असतानाच.

गाईचं मात्र अवघड. तिचं पोट केवढं मोठं! त्यातून किरण पलीकडे पोचायला दणकट यंत्र लागतं. पण त्या पोटात जे सापडतं ना, ते ऐकून तू तोंडात बोट घालशील.

गाय जेवते कशी, बघितलंस? जिभेनं चारा ओढते आणि न चावता गपागप गिळते. मग निवांत बसून रवंथ. घाई झाली की चाऱ्यातलं काही कळत नाही. तारेचा तुकडा, खिळा, टाचणी, सगळं पोटात! शेळीचं तसं नाही. ती ओठांनी एकेक पान निवडून खाते. त्यामुळे ती सहसा खिळे गिळत नाही. चोखंदळ आहेत शेळीबाई!

गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यातला एक आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. जड वस्तू नेमक्या तिथे जाऊन पडतात. आणि त्याला लागून कोण, सांग? मध्ये एक पातळ पडदा, आणि पलीकडे गाईचं हृदय! पोट आकसलं की खिळा टोचतो. पुन्हा आकसलं, आणखी पुढे सरकतो. अशी गाय पाठ कमानीसारखी करून उभी राहते. चारा कमी खाते. उतारावरून खाली चालायला तर मुळीच बघत नाही, कारण पोट पुढे ढकललं जातं आणि जोरात टोचतं. सातपुड्यात तर सगळीकडे उतारच! तिथला गुराखी अशी अडून बसणारी गाय लगेच हेरू शकतो.

एक्स-रेत तो खिळा कसा दिसतो? पांढराशुभ्र! घुंगरासारखाच.

मग उपाय? अंदाज कर. कर कर! डॉक्टर गाईला चक्क लोहचुंबक गिळायला देतात! खरंच! बोटाएवढा, गुळगुळीत, कडा नसलेला. तो त्याच जाळीदार कप्प्यात जाऊन बसतो आणि आयुष्यभर तिथेच राहतो. खिळा दिसला, की चटकन चिकटवून घेतो. टोचणं बंद! पुढे कधी एक्स-रे काढला, तर चुंबकाभोवती तारा आणि खिळे असे चिकटलेले दिसतात, की वाटतं गाईच्या पोटात साळिंदर बसलंय! खिळा फारच खोल घुसला असेल, तर मात्र शस्त्रक्रिया करावी लागते.

आणि गाईनं आधीच चुंबक गिळलाय का, हे कसं बघतात? विज्ञानाच्या तासाला चुंबकसूची बघितली असशील. ती गाईच्या छातीशी, डाव्या बाजूला न्यायची. सुई गर्रकन फिरली, की आत चुंबक आहे! एक्स-रेची गरजच नाही.

एक वाईट गोष्टही सांगते. प्लॅस्टिकची पिशवी एक्स-रेत नीट दिसत नाही. मोरपिसासारखी गायब होते. आणि चुंबकाला तर ती चिकटतच नाही. गाईच्या पोटात पिशव्यांचा गोळा झाला, तर डॉक्टरांना शोधायलाही त्रास आणि गाईला तर त्याहून. मला खिळ्यापेक्षा पिशवीचीच जास्त भीती वाटते.

कोंबडीचा एक्स-रे मात्र बघायला फार मजा! तिच्या पोटात अंडं असेल आणि त्याचं कवच तयार झालं असेल, तर ते अंडं चक्क दिसतं! कवचातही कॅल्शियमच असतं ना! आणि तिच्या पंखाचं वरचं हाड? आतून पोकळ, हवेनं भरलेलं! होळीतल्या त्या दादाच्या कमरेच्या वाळलेल्या भोपळ्यासारखं. दिसायला मोठं, उचलायला हलकं.

कुत्रीच्या पोटात पिल्लं किती, हेसुद्धा कळतं. मात्र घाई करून चालत नाही. पिल्लं पोटात साधारण दोन महिने असतात आणि पहिला दीड महिना त्यांची हाडं मऊच असतात. शेवटी शेवटी फोटो काढला, की डॉक्टर चिमुकली डोकी मोजतात. एक, दोन, तीन... हजेरी घेतात म्हण ना!

इतका छान प्रकाश! मग रोज का नाही काढायचे फोटो?

थांब. इथे जरा माझ्याजवळ ये, ही महत्त्वाची गोष्ट आहे.

आरपार जाणारा प्रकाश वाटेत थोडी मोडतोडही करतो. आपलं शरीर पेशी नावाच्या लहान लहान खोल्यांचं बनलेलं आहे. क्ष-किरण तिथे धक्का देतात. एखाद्या वेळच्या फोटोचा धक्का अगदी छोटा असतो आणि शरीर बहुतेक डागडुजी करून टाकतं. पण कुणी रोज, वर्षानुवर्षं ते किरण अंगावर घेतले तर? सुरुवातीच्या काळात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अमेरिकेत थॉमस एडिसन या संशोधकांकडे क्लॅरेन्स डॅली नावाचे साहाय्यक होते. ते क्ष-किरणांत पुन्हा पुन्हा हात धरून यंत्र तपासायचे. हात भाजले, जखमा बऱ्या होईनात, आणि १९०४ साली ते वारले. एडिसन इतके हादरले, की त्यांनी हे काम सोडूनच दिलं.

अशा माणसांनी सोसलं, म्हणून आज नियम आहेत. आणि ते नियम तुला आधीपासूनच येतात! कुठून? होळीतून!

होळीची धग लागली की आपण काय करतो? फार वेळ थांबत नाही. लांब सरकतो. नाहीतर मोठ्या माणसाच्या पाठीमागे लपतो. वेळ कमी, अंतर जास्त आणि मध्ये आडोसा. क्ष-किरणांपासून जपण्याचे हेच तीन नियम आहेत!

यातला अंतराचा नियम तर जादूचा आहे. यंत्रापासून एक मीटरवर उभं राहायचं सोडून दोन मीटरवर गेलं, तर किरण किती कमी होतील? निम्मे? चूक! चौथा हिस्साच उरतो! तीन मीटरवर गेलं तर नववा हिस्सा! असं का? भाकरी आठव. पिठाचा तोच गोळा दुप्पट रुंद थापला, तर भाकरी चौपट जागा व्यापते आणि जाडी चौथा हिस्सा होते. क्ष-किरणही दूर जाताना असेच पसरतात आणि विरळ होतात. एक पाऊल मागे घेण्यात केवढी ताकद आहे बघ!

आडोशाला वापरतात शिसं. शिशाचा थर असलेला जड अंगरखा डॉक्टर घालतात. गळ्याला पट्टा आणि हातात मोजेही. हा अंगरखा कधी घडी घालून ठेवत नाहीत हं, टांगूनच ठेवतात. घडी पडली, की आतल्या थराला भेगा जातात आणि किरण तिथून आत शिरतात. आणि हो, तुझ्या शिसपेन्सिलीत शिसं अजिबात नसतं! ते असतं ग्रॅफाइट. त्यातून क्ष-किरण सहज पार होतील.

तुला वाटेल, यंत्राचं तोंड तर शेळीकडे आहे. मग बाजूला उभ्या डॉक्टरांना कसली भीती? नळाखाली पालथी वाटी धर. पाणी वाटीवर पडतं, पण शिंतोडे कुणावर? सगळ्यांवर! शेळीच्या अंगावर पडलेले किरणही असेच शिंतोड्यांसारखे चहूकडे उडतात. शिशाचा अंगरखा या शिंतोड्यांसाठी असतो. यंत्रातून निघणाऱ्या मुख्य झोतात मोजा घातलेला हातसुद्धा घालायचा नसतो.

आणि जनावर धरायलाच लागलं तर? ते काम अंगरखा घातलेल्या मोठ्या माणसाचं. अठरा वर्षांखालच्या मुलांचं नाही, आणि पोटात बाळ असलेल्या आईचं तर मुळीच नाही. शेळी तुझी कितीही लाडकी असू दे! तू वाढतोयस, वाढतेयस, तुझ्या पेशी नाजूक आहेत. तू दाराबाहेर थांब आणि तिथून हाक मार.

आता शेवटची आणि मला सगळ्यात आवडणारी वस्तू. एक्स-रे काढणाऱ्यांच्या छातीवर, अंगरख्याच्या आत, एक छोटा बॅज असतो. टीएलडी बॅज. त्यात तीन चकत्या असतात. ना बॅटरी, ना काटा, ना दिवा. तरी तो सगळं लक्षात ठेवतो!

कसं? मातीचा गल्ला असतो ना, तसं. किरण अंगावर पडले, की त्यांची थोडी ताकद चकतीत नाण्यांसारखी साठते. आज थोडी, उद्या थोडी. तीन महिन्यांनी बॅज प्रयोगशाळेत जातो. तिथे चकती तापवतात आणि काय होतं? ती चमकते! साठवलेली सगळी ताकद उजेड होऊन बाहेर पडते. जास्त चमकली, म्हणजे त्या माणसावर जास्त किरण पडले. मग विचारणा होते, चूक शोधली जाते. चकती मात्र कोरी होते आणि पुन्हा साठवायला तयार!

भारतात वापरतात ते हे बॅज मुंबईतल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी घडवले. आणि किती किरण चालतील, याचा हिशेब अणुऊर्जा नियामक मंडळ ठेवतं. १९८३ साली स्थापन झालेलं हे मंडळही मुंबईतच आहे. किरणांचं माप असतं मिलिसिव्हर्ट. असं काम करणाऱ्याला पाच वर्षांची सरासरी काढून वर्षाला वीसपेक्षा जास्त घ्यायला परवानगी नाही. आणि दचकू नकोस, पण माती, आकाश आणि अन्न यांतून थोडे किरण सगळ्यांनाच मिळतात. जगाची सरासरी वर्षाला साधारण २.४. होळीपासून लांब उभं राहिलं तरी उन्हाची थोडी ऊब लागतेच ना, तसं!

एक शंका तुझ्या मनात नक्की आली असेल. एक्स-रे काढल्यावर शेळीच्या अंगात किरण उरतात का? तिचं दूध प्यायचं की नाही? खुशाल पी! दिव्याचं बटण बंद केलं, की खोलीत उजेड उरतो का? यंत्र बंद झालं, की क्ष-किरणही संपले. ते शेळीत नाहीत, दुधात नाहीत, खोलीतही नाहीत.

आता तुझ्यासाठी एक काम. उद्या गोठ्याभोवती, अंगणात एक चक्कर मार. जुना चुंबक दोरीला बांध आणि जमिनीवरून फिरव. किती खिळे आणि तारा मिळतात, मोज. आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या हातानंच उचल, त्या चुंबकाला सापडायच्या नाहीत. एखादं जनावर लंगडत असेल, पाठ कमानीसारखी करून उभं असेल, तर घरच्या मोठ्यांना लगेच सांग. त्यांना फोन लावायला एक नंबरही पाठ करून ठेव. गुरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे १९६२.